तीन सुटी हाडं

२ फेब्रुवारी

पोचलो एकदाचे. दोन पेट्या, माझा जुना सूक्ष्मदर्शक, गादीची एक वळकटी आणि वाटभर अखंड बडबडणारी टिटवी. टिटवी म्हणजे माझी लेक, वय वर्षं आठ. हे नाव तिच्या मामाने ठेवलं आणि ते इतकं चपखल बसलं, की शाळेच्या दाखल्यावरचं तिचं खरं नाव मलाही क्षणभर आठवावं लागतं. गाडीवाल्याने सामान उतरवताना मला विचारलं, बाई, हिचं बटण कुठे आहे? मी म्हटलं, सापडलं तर मलाही कळवा.

घर आवडलं. वरच्या मजल्यावर दोन खोल्या, मागे मोरी, पुढे एक अरुंद गॅलरी. खाली मालकीणकाकू एकट्या राहतात. त्यांना ऐकू येत नाही हे मला किल्ली घेताना कळलं, कारण त्या माझ्या डोळ्यांकडे नाही, ओठांकडे बघत होत्या. मी घसा फाडून बोलायला लागले तेव्हा हसून म्हणाल्या, ओरडू नकोस गं, सावकाश बोल म्हणजे झालं. इथे सगळं सावकाशच असतं.

अंगणात विहीर आहे. तोंडावर लोखंडी जाळी, आत पंप. या गावात प्रत्येक घराची आपली विहीर, एकाचं पाणी दुसऱ्याला लागत नाही. नळाच्या तोंडाला पांढरं फडकं बांधलेलं दिसलं. गाळ अडवायला का, म्हणून विचारलं. काकू म्हणाल्या, गाळ कुठला, मासे.

मला हसूच आलं. या माशांसाठीच तर मी इथवर आले. टिटवीचे बाबा गेल्यापासून मला कशाचं म्हणून काही वाटेनासं झालं होतं. रडू नाही, राग नाही, भूकसुद्धा घड्याळात बघून. दादा म्हणाला, जागा बदल, काम बदल, माणसात ये. आज मोरीतल्या नळाखाली टिटवी पाणी उडवत ओरडत होती आणि मी दारात उभी राहून बघत होते, तेव्हा जरा बरं वाटलं.

४ फेब्रुवारी

माशांच्या संस्थेत पहिला दिवस. गेल्या गेल्या एका गृहस्थांनी मला तोंड उघडायला सांगितलं आणि गालाच्या आतून कापसाची काडी फिरवली. हे जनुकमास्तर. माशांच्या डीएनएची अक्षरं वाचणं हे त्यांचं काम, हाडं वाचणं हे माझं. काडी कशाला, तर इथे काम करणाऱ्या प्रत्येकाची अक्षरं त्यांच्याकडे ठेवलेली असतात. मासा हाताळताना आपलं काही त्याला लागलं, तर यंत्राला ते ओळखता येतं आणि ते माणसाचा कचरा म्हणून बाजूला काढतं. पद्धत चांगली आहे. माझ्या जुन्या ठिकाणी एका डबक्यातल्या बेडकाचा डीएनए आमच्या शिपायाशी जुळला होता, त्याची आठवण झाली.

मासे भिंतभर आहेत. काचेच्या बाटल्यांत, स्पिरिटमध्ये, प्रत्येकावर घराचा क्रमांक. संस्था घरोघर बाटली देते. सकाळी फडकं सोडायचं, त्यात मासा सापडला तर बाटलीत टाकायचा. बोटाच्या दोन पेरांएवढा, डोळे नसलेला, फिकट गुलाबी, तोंडाभोवती मिशा. मांगूर-शिंगाळ्याच्या गोतावळ्यातला, पण पाताळात राहणारा.

प्रश्न असा आहे. जनुकमास्तरांच्या अक्षरांप्रमाणे प्रत्येक विहिरीतला मासा वेगळा, म्हणजे जितकी घरं तितक्या जाती. गावातले लोक म्हणतात मासा एकच. निवाडा हाडांनी करायचा. मास्तरांनी मला बजावून ठेवलं, की हाडं परिस्थितीप्रमाणे वाकतात, अक्षरं वाकत नाहीत. मी म्हटलं, अक्षरं तुमचं यंत्र वाचतं, हाडं मी स्वतः बघते. एका कानाने त्यांना कमी ऐकू येतं म्हणून हे मला दोनदा म्हणावं लागलं आणि दुसऱ्यांदा त्यातली मजा गेली.

११ फेब्रुवारी

टिटवी शाळेत रुळली. वर्गबाई म्हणाल्या, मुलगी फार बोलते, पण होईल शांत, इथे सगळीच होतात. वर्ग बघितला. एवढी पोरं आणि टाचणी पडली तर ऐकू यावी. माझ्या लहानपणी आमच्या बाईंनी अशा वर्गासाठी जीव ओवाळून टाकला असता.

रस्त्यावर कुणी कुणाला हाक मारत नाही. माणूस दुसऱ्याच्या समोर जाऊन उभा राहतो, मग बोलतो. दुकानदार, पोस्टमन, सगळे असेच. भांडण अजून पाहिलं नाही. मला मानवतं हे. टिटवीला पाणी मानवलंय. रोज डोक्यावरून आंघोळ, कानानाकात पाणी, बाहेर काढता काढता नाकी नऊ येतात.

२० फेब्रुवारी

हात बसला. मासा घ्यायचा, औषधात ठेवून त्याचं मांस काचेसारखं आरपार करायचं, हाडांना लाल रंग द्यायचा, मग ग्लिसरीनमध्ये सोडायचा. रंग चढला की अख्खा सांगाडा जागच्या जागी लालभडक दिसतो. इतकी वर्षं करते आहे, तरी दर वेळी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावताना मला छान वाटायचं. हल्ली वाटत नाही, पण काम बिनचूक होतं.

मास्तरांची जिरणार असं दिसतंय. जबडा, कवटी, कल्ल्यांची कमान, पाठीचे मणके, सगळं सगळ्यांत सारखं. हाडं म्हणतात मासा एकच.

या माशांचा कान मात्र बघण्यासारखा असतो. पोटातल्या हवेच्या पिशवीपासून कानापर्यंत इवल्या हाडांची एक साखळी असते. पाणी हललं की पिशवी थरथरते आणि ती थरथर साखळीतून कानाकडे जाते. थोडक्यात, मासा अख्ख्या पोटाने ऐकतो. टिटवीला हे सांगितलं तर म्हणाली, मग त्याला जेवताना किती आवाज होत असेल.

२७ फेब्रुवारी

साखळीच्या शेजारी तीन हाडं सुटी पडलेली दिसतात. एका माशात दिसली तेव्हा वाटलं, पोटातला घास असेल. पण प्रत्येक माशात आहेत. त्याच जागी, पातळ पडद्याने साखळीला बांधलेली. आणि माशाच्या मानाने फार मोठी.

दुपारी डबा न खाता बघत बसले. एक हाड दांड्याचं, गोल डोक्याचं. दुसरं दोन पायांचं, दाढेसारखं. तिसरं, सगळ्यात लहान, घोड्याच्या खोगिराला असते तशी रिकीब. तरुणपणी मी वैद्यकीय महाविद्यालयात हाडं शिकवायचे. हातोडी, ऐरण आणि रिकीब. विद्यार्थ्यांच्या हातून हरवू नयेत म्हणून ही मी काडेपेटीत ठेवत असे. ही माणसाच्या कानातली हाडं आहेत.

कुठल्याच माशाला रिकीब नसते. चार वेळा बघितलं. कुणात डाव्या कानाची, कुणात उजव्या.

घाबरायला हवं होतं. मी बरणीवर नीट झाकण लावलं आणि हात धुतले.

४ मार्च

टिटवीत फरक पडलाय. बडबड कमी झाली. जेवताना हातातला घास हातात ठेवून माझ्या तोंडाकडे बघत राहते. सकाळी तिची उशी ओली होती. लाळ असेल म्हणून उन्हात टाकली.

आज आमच्या नळाच्या फडक्यात पहिला मासा आला. आमच्या घरचा. जिवंत होता, फडक्याच्या कोपऱ्यात वळवळत होता. मी टिटवीला दाखवला आणि बाटलीत टाकून वर घट्ट बूच लावलं. काकू जिन्याच्या पायथ्याशी उभ्या होत्या. बाटली बघून आत गेल्या.

१० मार्च

मास्तरांना हाडं दाखवली. त्यांनी पुष्कळ वेळ बघितलं आणि म्हणाले, काहीतरी पडलं असेल बरणीत. मी म्हटलं, सगळ्याच बरण्यांत? मग म्हटलं, तुमचं यंत्र माणसाचा कचरा म्हणून जे बाजूला टाकतं, ते एकदा उघडा. त्यांना हसू आलं. कचरापेटीत काय बघायचं, घरोघरच्या बायाबापड्यांचे हात लागलेले असतात, म्हणाले. तरी उघडलं, माझ्या समाधानासाठी.

हात लागला तर माणसाची अक्षरं चिमूटभर असतात. इथे निम्मी होती. निम्मा मासा, निम्मा माणूस. आणि हे प्रत्येक बाटलीत, प्रत्येक घराचं माणूस वेगळं.

मास्तरांनी आपल्या स्वतःच्या घरची बाटली शोधली आणि तिची अक्षरं आपल्या गालाच्या काडीशी लावून बघितली. सगळी जुळली. त्यांनी नकळत डाव्या कानाला हात लावला. त्या कानाने त्यांना ऐकू येत नाही. मी विचारलं, आता काय करायचं? ते म्हणाले, करायचं काय, नाव तर द्यावं लागेल, पण माशाचं द्यायचं की माणसाचं? मग यंत्राचा पडदा बंद करून चहाला गेले. मीही गेले. चहा बरा होता.

१२ मार्च

आमच्या घरच्या माशाची अक्षरं आली. माझ्या काडीशी जुळतात.

मास्तर म्हणाले, तुमचाच हात लागलाय, तुम्हीच बाटलीत टाकलात ना. मी म्हटलं, निम्मा? त्यांनी आकडे पुन्हा पाहिले. मग म्हणाले, हा आईकडून येणारा डीएनए आहे. आईचा आणि लेकराचा अगदी एकच असतो. यावरून मासा तुमचा की मुलीचा हे सांगता येणार नाही. दुसरी तपासणी आहे, पण तिला वेळ लागतो.

हाडांवरून सांगता येईल का, असं त्यांनी पहिल्यांदाच मला विचारलं. नाही येणार. कानातली ही तीन हाडं जन्मतःच पूर्ण वाढलेली असतात. आठ वर्षांच्या पोरीची आणि माझी सारखीच.

घरी आले. टिटवी अभ्यास करत होती. मी मोरीतून पाठमोरी काहीतरी बोलले. ती उठून माझ्यासमोर आली आणि वैतागून म्हणाली, आई, तोंड माझ्याकडे करून बोल ना, तुझे ओठ दिसत नाहीत.

१४ मार्च

तिच्या मागे उभं राहून हळूच हाक मारली. उजवीकडून मारली की वळत नाही. डावीकडून मारली की वळते. पुन्हा पुन्हा केलं. शेवटी तिला वाटलं मी खेळतेय, हसायला लागली.

म्हणजे मासा तिचा होता.

कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी बत्ती लावून बघितलं. पडदा शाबूत आहे, म्हणाले, फक्त मागे काही नाही. हे त्यांनी पाऊस पडला नाही म्हणावं तसं सांगितलं. इथल्या पाण्यात माशाचं बीज असतंच, आंघोळीत शिरतं, आत वाढतं, हाडं घेऊन झोपेत निघून जातं, मोरीवाटे विहिरीत. दुखत नाही. दुसरा कान आहे ना अजून? मी विचारलं, यावर उपाय? ते माझ्या ओठांकडे बघत होते. म्हणाले, उपाय करावा असं नंतर कुणाला वाटत नाही.

दादाला कळवलं. तो चोवीस तारखेला गाडी घेऊन येतोय, त्याआधी त्याला रजा नाही. रोज सकाळी एक बस जाते. आम्हाला उद्याच निघता येईल. मग पेट्या कोण नेणार, टिटवीची परीक्षा आहे, असं काहीबाही मनात आलं आणि मी भाजी चिरायला घेतली. खरं सांगायचं तर घाईच वाटली नाही. हे भयंकर आहे, एवढं कळतं. भयंकर वाटत नाही.

विकतचं पाणी आणलं. आता त्यानेच आंघोळ.

१६ मार्च

काकूंना विचारलं. त्यांनी मला अंगणात बसवलं आणि सगळं सांगितलं, गहू निवडत निवडत.

त्यांचे दोन्ही कान विहिरीत आहेत. आधी उजवा गेला, लग्नानंतर. मग डावा. फडक्यात सापडले तेव्हा सासूने दोन्ही परत विहिरीत सोडायला लावले. मासा जिवंत असतो तोवर माणसाला त्याच्या कानाने ऐकू येतं. इथलं नाही, तिथलं. पाण्याचं. त्यांना रात्रंदिवस विहिरीतलं पाणी ऐकू येतं, पंप लागला की घरघर येते, जाळीपाशी कुणी बोललं तर शब्द कळतो. त्यांचा मुलगा दूर असतो, तो आला की विहिरीत वाकून बोलतो. छान असतं गं, म्हणाल्या. मनाची तगमग सगळी निवते.

मी विचारलं, आणि बाटलीत घातला तर? त्यांनी गव्हातला एक खडा उचलून बाजूला टाकला. बाटलीत घातला तर संपलं. मग खालचंही नाही आणि वरचंही नाही. मी म्हटलं, मला त्या दिवशी सांगितलं का नाहीत? म्हणाल्या, तू संस्थेची. संस्थेच्या माणसांना आम्ही काय सांगायचं?

भिंतभर बाटल्या आहेत तिथे. मी त्या एकेक करून आरपार केल्या, रंगवल्या. आणि माझ्या लेकीच्या उजव्या कानावर बूच मी लावलं, माझ्या हाताने, तिला दाखवून.

रडायला बसले. रडू आलं नाही. उठले.

१९ मार्च

बसचं तिकीट काढायला गेले होते. थांब्यावर बसून राहिले. ऊन छान होतं. बस आली, गेली. घरी आल्यावर लक्षात आलं की मी तिकीट काढलंच नाही.

टिटवी गप्प असते. विचारलं तेवढं सांगते. काल म्हणाली, आई, तू रागावत का नाहीस आता?

२१ मार्च

दोन्ही उशा ओल्या. तिची आणि माझी.

माझा डावा कान गेला. दुखलं नाही. उजव्याने येतंय.

टिटवीला हाक मारली. डावीकडून. उजवीकडून. भांडं आपटलं तिच्या मागे — ती केस विंचरत होती, विंचरतच राहिली.

विकतचं पाणी आणून उपयोग काय झाला. ते आधीच आत होतं.

आज उठून चालत सुटायचं होतं. पण मासे विहिरीत आहेत. तिचा कान विहिरीत आहे. तो सोडून कुठे जाऊ?

२२ मार्च

सकाळपासून नळ सोडून बसले. टाकी रिकामी होते, पंप लावते, पुन्हा नळ. काकू वर येऊन बघून गेल्या. म्हणाल्या, असू दे त्यांना खाली, सुखात असतात. मी नळापासून हलले नाही.

दुपारी एक आला. संध्याकाळी दुसरा. दोन्ही जिवंत. सारखेच दिसतात, उगाच नाही म्हणत की हाडं एकच सांगतात.

मोठ्या बरणीत विहिरीचं पाणी भरलं, दोघांना सोडलं. टिटवी पुढच्या खोलीत चित्र काढत होती, माझ्याकडे पाठ. मी पाण्याला तोंड लावून अगदी हळू म्हटलं, टिटवे.

माझ्या मेलेल्या डाव्या कानात माझा आवाज आला. पाण्यातून आल्यासारखा, गोल.

आणि टिटवी वळली. धावत आली. आई, तू माझ्या आत बोललीस, म्हणाली.

आम्ही दोघी बरणीशी बसून कितीतरी वेळ बोललो. तिने शाळेतलं सगळं सांगितलं, आधीसारखं, न थांबता. मला आत काहीतरी हललेलं जाणवलं. दुखलं. किती दिवसांनी दुखलं.

परवा दादा येतोय. बरणी मांडीवर धरून नेईन. कुठेतरी मोठी काचपेटी, चांगलं पाणी. कुणीतरी डॉक्टर असेलच, हे परत बसवणारा. नसला तरी चालेल. मासा जिवंत ठेवायचा. एवढंच तर करायचंय.

काकूंनी खायला काय घालणार म्हणून विचारलं. मी म्हटलं, एका दिवसाने काय होतंय.

२३ मार्च

पेट्या भरल्या. मास्तरांना निरोप धाडला. त्यांनी उलट निरोप पाठवला की दुसरी तपासणी झाली, बाटलीतला तुमच्या मुलीचा होता. कळलं म्हणून कळवलं.

बरणी खिडकीपासून दूर ठेवली. ऊन नको. मासे एकमेकांभोवती फिरतात. टिटवी म्हणते तिला खुसखुस ऐकू येते, कुणीतरी कानाशी लागल्यासारखी. मलाही.

तिला झोपवताना बरणीत वाकून अंगाई म्हटली. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती आणि तिचा पाय तालावर हलत होता.

मला उद्याची भीती वाटते. खरीखुरी वाटते. बरं वाटलं.

२४ मार्च

बरणीत एकच.

झाकण लावलेलं होतं. उडून जाणं शक्य नाही. टेबलाखाली बघितलं, पेट्यांखाली, सगळीकडे —

पोट फुगलंय त्याचं. तळाशी बसलाय. मिशा हलतात.

मिशाळ मासे उपाशी राहिले की एकमेकांना खातात. मासे पाळणाऱ्या कुणालाही विचारा. मी हाडं बघते. मी जन्मभर मेलेले मासे बघितले. घरात दुसरी बरणी होती. होती. फळीवर. रिकामी.

दादा निघालाय. दुपारपर्यंत पोचेल.

टिटवी उठली. तिला अजून दाखवलं नाही. पुढच्या खोलीत चित्र काढतेय, पाठमोरी. दार उघडं ठेवलंय, तिचं डोकं दिसतं इथून.

कोणता राहिला हे हाडांवरून कळणार नाही. दुसऱ्या तपासणीने कळेल, पण त्यासाठी त्याला मारावं लागेल. एकच मार्ग आहे.

उजव्या कानात कापूस कोंबलाय. काही ऐकू येत नाही आता. पेन कागदावर चाललंय, त्याचंही नाही.

तिचा असू दे. माझा नको. माझा गेलेला असू दे. मला काही नको —

वाकले. पाण्याला ओठ लावून म्हटलं, टिटवे.

आला. स्वच्छ. डाव्या कानात. माझा आवाज —

ती वळेल. चित्रात गुंतलीय. वळेल. पुन्हा म्हणते.

टिटवे.

मला ऐकू येतंय — मलाच — तिचं डोकं खाली — टिटवे, इकडे बघ, इकडे — मला येतंय गं, मला —